बडोद्यातील बारा आठवड्यांचा रक्तदाब वर्ग : एक सविस्तर अभिप्राय

यंदा उत्तरायणाचे पतंग उतरले आणि उरलेले तिळाचे लाडू डब्यात मऊ पडू लागले, त्या आठवड्यात मी आमच्या शहरातील एका खासगी दवाखान्याच्या ‘रक्तदाब आणि जीवनशैली’ या बारा आठवड्यांच्या वर्गात नाव नोंदवले. शुल्क ६,५०० रुपये होते. आठवड्यातून दोन सत्रे, रक्तदाब व वजन लिहिण्यासाठी एक नोंदवही, छापील आहारपत्रिका आणि आहारतज्ज्ञ बाईंचा फोनवरील सल्ला एवढे त्यात मिळत होते. दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही, कारण जे दोष मला दिसले ते मी तेथील प्रमुख डॉक्टरांच्या कानावर घातले आहेत आणि त्यांतले काही सुधारण्याचे त्यांनी कबूलही केले आहे. शिवाय अशा प्रकारचे वर्ग आता ठिकठिकाणी निघू लागले आहेत, तेव्हा त्यांतल्या कोणत्याही वर्गात पैसे भरण्याआधी काय पाहावे आणि काय विचारावे, एवढ्यापुरता हा अभिप्राय उपयोगी पडला तरी पुष्कळ झाले.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. वय ५८, शाळेतील नोकरीतून निवृत्त, राहणे दांडिया बाजारात, घरात मी, माझे पती आणि सासूबाई अशी तीन माणसे. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी गेले असता रक्तदाब वाढलेला आढळला. त्यापूर्वी ना डोके दुखले होते, ना चक्कर आली होती, आणि हा आजार बहुतेकांना असाच, काहीही न कळवता, जडलेला असतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी सुरू केली आणि ती वर्षभराहून अधिक काळ चालू असूनही घरचे आकडे १४६/९० च्या आसपास रेंगाळत होते. दवाखान्यात मोजताना १४०/९० ही आणि घरी मोजताना १३५/८५ ही उच्च रक्तदाबाची सीमा सामान्यतः धरली जाते, म्हणजे मी दोन्हींच्या वर होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की एकतर गोळी वाढवू, नाहीतर तीन महिने राहणीत खराखुरा बदल करून दाखवा आणि मग पुन्हा भेटा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही ही अट त्यांनी दोनदा सांगितली, आणि बारा आठवडे तिचे प्रमाण बदललेले नाही, हे पुढचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

वर्गाची सुरुवातच चुकीच्या पायावर झाली. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट त्या दिवशी बंद, आणि वर पोहोचलेल्या प्रत्येकाला दारातच एका स्टुलावर बसवून सहायक मुलगी पट्टा गुंडाळत होती. माझा हात मांडीवर लोंबता होता, पाठीला टेकू नव्हता, पट्टा स्वेटरच्या बाहीवरून बांधलेला होता आणि ती माझे नाव, वय, पत्ता विचारत होती. मी उत्तरे देत असतानाच यंत्राने १५८/९६ असा आकडा दाखवला आणि तोच माझ्या नोंदवहीत ‘प्रारंभिक रक्तदाब’ म्हणून शाईने लिहिला गेला. मी म्हटले, “बेटा, पाच मिनिटे बसू दे, मग पुन्हा घे.” ती हसून म्हणाली, “मासी, मागे रांग आहे ना!” तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवले नव्हते. परंतु जिना चढून आल्याबरोबर, बोलत असताना आणि हात हृदयाच्या पातळीच्या खाली असताना घेतलेला आकडा दहा-पंधरा अंशांनी सहज फुगतो, आणि तो फुगलेला आकडा आरंभबिंदू मानला की शेवटी झालेली घटही तेवढीच फुगलेली दिसते. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी नुसती खटकली. तिचे महत्त्व बाराव्या आठवड्यात कळले, त्याबद्दल पुढे लिहीत आहे.

त्यामुळे मी त्याच संध्याकाळी रावपुऱ्यातून दंडावर बांधायचे यंत्र विकत आणले. मनगटावर बांधायची यंत्रे स्वस्त आणि सुटसुटीत दिसतात, पण मनगट किंचित वर-खाली झाले तरी त्यांचे वाचन हलते, म्हणून दंडाचेच घ्यावे. दुसरे म्हणजे पट्ट्याचे माप. माझ्या दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर भरतो आणि दुकानदाराने पुढे केलेल्या यंत्राचा पट्टा ३२ पर्यंतचाच होता. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढून येतो, हे सांगून मी मोठ्या पट्ट्याचे यंत्र मागवून घेतले. घरी मोजण्याची पद्धत मी अशी ठेवली: सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यानंतर, चहा आणि गोळी दोन्हींच्या आधी, जेवणाच्या टेबलाशी पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता, उघड्या दंडावर पट्टा बांधून पाच मिनिटे गप्प बसायचे आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे, रात्री जेवणापूर्वी पुन्हा तसेच. सात दिवस असे करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. माझी पहिली सरासरी १४६/९० आली, म्हणजे वर्गाच्या वहीतल्या आकड्यापेक्षा वरचा आकडा १२ नी कमी. या सगळ्यातले पाच मिनिटे गप्प बसणे हेच आमच्या घरात सर्वांत अवघड गेले, कारण मी पट्टा बांधला की सासूबाईंना नेमके काहीतरी विचारायचे आठवते.

आता वर्गातील मुख्य विषयाकडे, म्हणजे मिठाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी आहे. आपल्या देशात सरासरी प्रौढ माणूस ८ ग्रॅमच्या आसपास खातो. वर्गाच्या आहारपत्रिकेत हे आकडे अचूक छापले होते, मात्र त्यांच्याखालची यादी वाचून मला प्रश्न पडला की ही बाई, म्हणजे पत्रिका लिहिणारी, बडोद्यात कधी जेवली आहे की नाही. डबाबंद सूप, हॅम, सॉसेज, चीज आणि गोठवलेला पिझ्झा टाळावा, असे त्यात लिहिले होते. आमच्या वर्गातील अठरा जणांपैकी हॅम खाणारा एकही नसावा. गांठिया, फाफडा, खिचू, पापड, सांडगी मिरची, कैरीचे लोणचे, छुंदा, मसाला ताक, सेव उसळ यांतला एकही शब्द त्या चार पानी पत्रिकेत नव्हता, आणि बडोद्यातल्या मराठी घरात तर दोन्ही प्रांतांचे खारे पदार्थ एका ताटात येतात: आमटीभाताबरोबर भाजलेला पापड आणि लोणचे आमचे, आणि चार वाजता चहाबरोबर गांठिया शेजारच्यांकडून शिकलेला.

ही उणीव भरून काढली ती आहारतज्ज्ञ बाईंनी, आणि या वर्गातली सर्वांत मोलाची दोन सत्रे त्यांचीच होती. त्या मूळच्या भावनगरच्या, मराठी समजते पण बोलतात गुजरातीतच, आणि छापील पत्रिका त्यांनी तिसऱ्या आठवड्यात चक्क बाजूला ठेवली. त्यांनी प्रत्येकाला घरी जाऊन एक काम करायला सांगितले: मिठाचे नवे पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा आणि ते संपेल तेव्हा दुसरी तारीख लिहा. वर्ग सुरू होण्याच्या सुमारास फोडलेल्या आमच्या पाकिटाची तारीख मला किराणा दुकानाच्या वहीवरून सापडली. एक किलोचे ते पाकीट ३६ दिवसांत संपले होते. हजार ग्रॅम भागिले ३६, म्हणजे दिवसाला सुमारे २८ ग्रॅम, आणि तीन माणसांत माणशी ९ ग्रॅमच्या वर. त्यातले थोडे पीठ मळताना परातीला लागते, थोडे भाजी धुताना वाया जाते, हे मान्य केले तरी पापड, लोणचे आणि बाहेरचे फरसाण या हिशेबात अजून आलेलेच नव्हते. मी इतकी वर्षे ‘आमच्याकडे बेताचेच मीठ असते’ असे सांगत आले होते.

त्यानंतर त्यांनी पाकिटामागचे बारीक अक्षर वाचायला शिकवले. तेथे मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते, आणि सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. आमच्या घरातल्या उडदाच्या पापडाच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १,७०० मिलिग्रॅम सोडियम छापलेले निघाले. म्हणजे सव्वाचार ग्रॅम मीठ, आणि १०० ग्रॅममध्ये आठ पापड बसत असतील तर एका पापडात अर्धा ग्रॅम. माझे पती दोन्ही वेळच्या जेवणात दोन-दोन पापड खात होते. लोणच्याचा हिशेब करायला पाकिटाचीही गरज नव्हती, कारण ते मीच घालते: किलोभर कैरीला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतेच, कमी घातले तर लोणचे टिकत नाही, त्यामुळे ताटात वाढलेल्या एका मध्यम फोडीतून साधारण एक ग्रॅम मीठ पोटात जाते.

गांठियाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला मुळीच ठाऊक नव्हती. गांठिया, फाफडा आणि पापडी कुरकुरीत आणि हलकी होते ती खारामुळे. पापडखार असो वा खाण्याचा सोडा, दोन्हींत सोडियमच असते, आणि जिभेला ते खारट लागत नाही म्हणून आपण त्याला मोजत नाही. चमचाभर खाण्याच्या सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. ढोकळा, हांडवो, खिचू आणि घाईच्या वेळी हरभरे लवकर शिजावेत म्हणून कुकरमध्ये टाकलेली चिमूट, हे सगळे त्याच खात्यात जमा होते. सैंधवाविषयीही त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबासाठी त्याची निवड करण्यात अर्थ नाही, उलट साध्या आयोडीनयुक्त मिठातले आयोडीन गमावून बसाल. आमच्या वर्गातील निम्मे लोक मोठ्या श्रद्धेने सैंधव वापरत होते. त्या दिवशी अनेकांचे चेहरे पडले.

घरी मी केलेले बदल फारसे वीरश्रीचे नाहीत. मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि भाजीत हाताने घालायचे सोडून मोजमापाच्या छोट्या चमच्याने घालू लागले. कणकेतले, भाकरीच्या पिठातले आणि भातातले मीठ बंद केले. पहिला आठवडा पती नाराज होते, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तक्रार थांबवली आणि सहाव्यात बाहेरची भाजी खारट लागते म्हणून बाजूला सारली. आमटीत आमसूल आणि गोडा मसाला किंचित वाढवला, कोशिंबिरीत लिंबू आणि भाजलेल्या दाण्यांचे कूट घातले, ताकात मिठाऐवजी भाजलेले जिरे आणि पुदिना आला. पापड रविवारी एकच, लोणच्याची फोड दिवसाआड आणि सासूबाईंसाठी मात्र पूर्वीसारखी, कारण त्यांचे वय ८४, जेवण चिमणीएवढे आणि रक्तदाब त्यांचा कमीच असतो. मिठाचे पुढचे पाकीट ५५ दिवस पुरले, म्हणजे माणशी ६ ग्रॅम. पाचाच्या आत अजून आलेलो नाही.

येथेच वर्गाची सर्वांत गंभीर चूक सांगणे भाग आहे. चौथ्या आठवड्यात सर्वांना कमी सोडियमच्या मिठाचे एकेक पाकीट भेट म्हणून वाटण्यात आले. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि ही कल्पना वाईट नाही. चीनमधील सुमारे सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले होते. परंतु ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही, किंवा जे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम वाढवणारी औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ टेल्मिसार्टन घेतात आणि मधुमेहामुळे त्यांचे क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातली खूण, वाढलेले आहे. पाकीट वाटताना कोणीही त्यांना एक शब्द विचारला नाही. मी उठून विचारले तेव्हा थोडी धावपळ झाली, प्रमुख डॉक्टर आले, त्यांनी सात जणांची पाकिटे परत घेतली आणि पुढच्या तुकडीपासून आधी औषधांची यादी पाहू असे सांगितले. त्यांनी चूक मानली हे त्यांच्या बाजूने लिहिते, पण हे काम पहिल्या दिवशीच्या अर्जावरच व्हायला हवे होते.

आहाराच्या दुसऱ्या अंगाबद्दल, म्हणजे काय वाढवायचे याबद्दल, वर्गात पुष्कळ चांगले सांगितले गेले. फळे, भाज्या, डाळी, कमी स्निग्धांशाचे दूध-दही आणि बेताचे तूप-तेल अशा ज्या आहारपद्धतीची अमेरिकेत १९९७ मध्ये चाचणी झाली आणि जी डॅश या नावाने ओळखली जाते, तिने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंशांनी उतरला होता, तोही मीठ फारसे न बदलता. आपल्या ताटात ती उतरवायला काहीच परके आणावे लागत नाही: मुगाची उसळ, पालकाची ताकातली भाजी, दुधीची भाजी, केळे, पेरू, ज्वारीची भाकरी आणि घरचे दही. फक्त खांडेराव मार्केटमध्ये जाऊन रोजच्यापेक्षा दुप्पट भाजी आणायची आणि ती चिरायला घरातला दुसरा माणूसही बसवायचा, एवढे करावे लागते. आमच्याकडे पालक निवडण्याचे काम पतींकडे गेले आहे आणि ते ते वर्तमानपत्र वाचण्याइतक्याच संथपणे करतात.

व्यायामाची सत्रे उत्तम होती. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम वेगाचे चालणे हे प्रमाण, आणि वेग मध्यम आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी की चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. शनिवारचे सत्र कमाटीबागेत व्हायचे. महाराज सयाजीरावांनी १८७९ मध्ये उभारलेल्या या बागेत सकाळी साडेसहाला निम्मे बडोदे भेटते, त्यामुळे चालण्यापेक्षा थांबून विचारपूस करण्यातच पहिले पंधरवडे गेले. शेवटी आम्ही ठरवले की फुलांच्या घड्याळापर्यंत कोणीही थांबायचे नाही आणि ओळखीचे माणूस दिसले तर त्यालाच बरोबर घेऊन चालायचे. बागेच्या दाराशी गरम फाफड्याची कढई लागलेली असते हा एक वेगळाच व्यायाम आहे. बाकीचे चार दिवस मी सूरसागर तलावाला फेऱ्या मारते, एका वेळी अर्धा तास होत नाही तेव्हा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे, आणि दोन्ही मिळून परिणाम तोच होतो असे आम्हाला सांगण्यात आले.

मला नवीन वाटलेली गोष्ट म्हणजे स्थिर राहून करायचे व्यायाम. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे दोन मिनिटे थांबायचे, दोन मिनिटे विसावा घ्यायचा आणि असे चार वेळा करायचे, आठवड्यातून तीनदा. अलीकडच्या अभ्यासांत अशा व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब चालण्याइतका किंवा त्याहूनही अधिक उतरल्याचे दिसले आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मला हाताने दाबायची स्प्रिंग देण्यात आली आणि ती मी संध्याकाळच्या बातम्या पाहताना दाबते. श्वास रोखून धरायचा नाही ही सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी लागते, कारण श्वास रोखून जोर केला की त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने चढतो. हेच कारण योगशिक्षकांना सांगावे लागले, जे एका सत्रात सर्वांकडून वेगाने कपालभाती करवून घेत होते; त्यांनी नंतर मिनिटाला सहा-सात श्वास अशी संथ लय शिकवली आणि ती मला झोपण्यापूर्वी मनापासून आवडू लागली, जरी तिचा आकड्यावरचा परिणाम थोडाच असला तरी.

झोप, ताण, तंबाखू यांवर एकेक व्याख्यान झाले, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने श्वास अडकण्याची तपासणी करून घ्यावी, कारण त्याने रक्तदाब औषधांना दाद देत नाही, ही एक गोष्ट त्यातून घेण्याजोगी होती आणि ती ऐकताना चार बायकांनी एकाच वेळी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिले. मद्यपानावरचे पान छापील पत्रिकेत अर्धे पान भरून होते. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत ते मोठ्याने वाचून दाखवताना सूत्रसंचालक भाईंनाही हसू आवरले नाही, अर्थात ते पान कोणाला लागू नव्हते असे काही मी म्हणणार नाही.

वर्गात शेवटपर्यंत जे कोणी विचारले नाही ते माझ्या डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यातील भेटीत पाच मिनिटांत विचारले: याशिवाय आणखी काय घेता? गुडघ्यांसाठी मी डायक्लोफेनॅकची गोळी आठवड्यातून तीन-चार वेळा, औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेत होते, आणि थंडीत घसा बसतो म्हणून ज्येष्ठमधाचा काढा डिसेंबरपासून रोज सकाळी चालू होता. दोन्हींनी रक्तदाब वाढतो. वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हेही सोडियम साठवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. सर्दीवरच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. घरगुती काढ्याला औषध समजायची आपली सवय नसल्यामुळे मी तो कोणत्याही अर्जावर लिहिला नव्हता, आणि अर्जावर तसा रकानाही नव्हता. काढा त्याच दिवशी बंद केला, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी लावायचे मलम आणि व्यायाम दिला. पुढच्या दोन आठवड्यांच्या सरासरीत वरचा आकडा ४ नी उतरला, जो आहारपत्रिकेच्या कुठल्याही एका पानापेक्षा अधिक होता.

एप्रिलच्या मध्यास समारोप झाला. लिफ्ट चालू होती, वातानुकूलित खोलीत आम्हाला आधी वीस मिनिटे बसवले, मग शांतपणे रक्तदाब मोजला. माझा १३८/८४ आला आणि फळ्यावर माझ्या नावापुढे ‘२० अंश घट’ असे लिहून टाळ्या वाजल्या. वर्गाची सरासरी घट १७ अंश असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या तुकडीच्या जाहिरातीत तो आकडा आता झळकतही आहे. मी माझी स्वतःची वही बरोबर नेली होती. तिच्यातली बाराव्या आठवड्याची सरासरी १३५/८४ होती, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या मानाने वरचा आकडा ११ नी आणि खालचा ६ नी उतरलेला. अकरा ही काही लहान घट नाही. एखादी नवी गोळी सुरू करून जेवढे मिळते तेवढे हे आहे, आणि मला तिचा आनंद आहे. परंतु उरलेले नऊ अंश कोणत्याही बदलाने उतरलेले नाहीत, ते जानेवारीतल्या जिन्याचे, स्वेटरचे आणि बडबडीचे होते.

त्या अकराचाही सगळा वाटा वर्गाला देता येत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, उन्हाळ्यात त्या सैलावतात आणि तो उतरतो. जानेवारीच्या गारठ्यात सुरू होऊन बडोद्याच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, संपणारा कोणताही वर्ग यशस्वी दिसणारच. माझे वजन ७१ किलोवरून ६८.२ वर आले आणि किलोमागे साधारण एक अंश असा ठोकताळा आहे. चार अंश काढा आणि डायक्लोफेनॅक बंद करण्याच्या नावावर मांडले, बाकी मीठ, चालणे आणि ऋतू यांनी आपसांत वाटून घ्यावे. डॉक्टरांनी वही पाहून गोळी आहे तेवढीच ठेवली, मे महिन्यात उभे राहताना चक्कर आली तर लगेच कळवा असे सांगितले, आणि खरी परीक्षा डिसेंबरमधल्या आकड्यांची आहे असेही म्हटले.

पैशांच्या मोबदल्याविषयी माझे मत असे की आहारतज्ज्ञ बाईंची दोन सत्रे, कमाटीबागेतली संगत आणि भिंतीच्या व्यायामाचे शिक्षण यांसाठी ३,००० रुपये रास्त होते. उरलेले साडेतीन हजार छापील पत्रिका, समारोपाचे प्रमाणपत्र आणि त्याच समारोपात वाढलेल्या फाफडा-जिलबीच्या न्याहारीत गेले. ज्याच्या घरी कोणी बरोबर चालणारे नाही आणि स्वतःच्या शिस्तीवर ज्याचा भरवसा नाही, त्याने जरूर जावे. ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा जो तीन-तीन गोळ्या घेतो त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि ज्याचे आकडे १८०/१२० च्या वर जातात, त्यातही छातीत दुखते, धाप लागते किंवा बोलताना जीभ अडखळते, त्याने वर्गाचा विचारही न करता सरळ रुग्णालय गाठावे.

नाव नोंदवण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारून घ्यावेत: रक्तदाब पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एकाच पद्धतीने, पाच मिनिटे बसवून मोजता का, चालू औषधांची आणि काढ्यांची यादी घेता का, आणि आहारपत्रिकेत गांठियाचा उल्लेख आहे का. आमच्या वर्गाकडे जानेवारीत या तिन्हींचे उत्तर ‘नाही’ होते. जूनमध्ये नवी तुकडी सुरू होते आहे, आहारतज्ज्ञ बाईंनी नवी पत्रिका गुजराती आणि मराठी दोन्हींत लिहायला घेतली आहे, आणि तिच्यातली लोणच्या-पापडाची मापे तपासून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. कैरीचा हंगाम चालू असल्यामुळे ती मापे सध्या आमच्या ओट्यावरच ताजी आहेत.